पत्रू उंदीरवाड्याचा दोन नंबरचा संच

१९८२च्या ऑगस्टात चंद्रपूरपासून तुटून गडचिरोलीचा वेगळा जिल्हा झाला आणि गावात खुर्च्यांचा दुष्काळ पडला. साहेब आले, साहेबांचे बाबू आले, बाबूंचे शिपाई आले. बसायला मात्र कुणालाच काही नव्हतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत भरायच्या आणि एकेका बाकावर चार-चार कारकून खांद्याला खांदा लावून फायली लिहायचे. त्या दोन वर्षांत चामोर्शी रोडवरच्या पत्रू उंदीरवाड्याने इतक्या खुर्च्या केल्या, की डोळे बांधून लाकूड हातात दिलं असतं तरी त्याच्याकडून खुर्चीच निघाली असती.

पत्रू जातीचा सुतार नव्हता, कामाचा होता. आरमोरीकडच्या खेड्यातलं बौद्ध कुटुंब. बाप मुखरू दुसऱ्याच्या बांधीत धानाची रोवणी करायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने एकच गोष्ट ठरवली, की आपला पोरगा कुणाच्या बांधीत कमरेत वाकणार नाही. सातवी झाल्याबरोबर त्याने पत्रूला आलापल्लीला मामाकडे धाडलं. मामा लाकडाच्या डेपोत कामाला होता. तिथल्या आरागिरणीवर नानाजी नावाचे एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी पत्रूच्या हातात रंधा दिला आणि सात वर्षं त्याच्या पाठीशी उभे राहिले. दोन लाकडांचा सांधा केला, की नानाजी खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढायचे आणि सांध्यात सारून बघायचे. कागद आत गेला तर सांधा पुन्हा करायचा.

अशा हाताखालून निघालेल्या माणसाला कचेरीच्या खुर्च्या करताना काय सुख लागणार? साहेबाला खुर्ची उद्या पाहिजे असायची आणि उद्या ती डुगडुगली तरी चालायची. पत्रूला चालायचं नाही. तो बायकोला, कमळाला, म्हणायचा, "आता तर झोपीतही चार पायच दिसून राह्यले मले."

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत एक दिवस सायकलवरून गुणवंतराव वासेकर आले. हे गावातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. ब्रह्मपुरीकडच्या शेतकरी घरातले, पस्तिशीचे, अंगाने काटकुळे. बोलायला लागले की हातातली वस्तू कुठेही ठेवून विसरायचे. त्यांनी पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याचं एक पातळ पुस्तक काढलं आणि एक पान उघडून रंध्याखाली, भुशावरच ठेवलं. पानावर एक चौरस होता आणि त्याचे वेडेवाकडे सात तुकडे पाडलेले होते.

"पत्रूभाऊ, असे चार संच पाह्यजेत. लाकडाचे. एका संचात सात तुकडे अन् एक चौकट. चारही अगदी सारखे."

"खेळणं आहे का, सर?"

"मोजपट्टी आहे," गुणवंतराव म्हणाले. "बुद्धी मोजायची."

पत्रू हसला नाही. त्याने रंधा बाजूला ठेवला आणि पुस्तक उचलून भुसा झटकला. इंग्रजी त्याला येत नव्हती, पण आकृती येत होती.

मग सरांनी सांगितलं. हे जर्नल आहे, तीन महिन्यांनी एकदा दिल्लीहून टपालाने येतं. माणसाच्या मनातल्या गोष्टी कशा मोजाव्या, एवढाच त्याचा विषय. एक लेख हुशारी मोजण्यावर, एक भीती मोजण्यावर, आणि एक तर नुसता मोजण्यातल्या चुकांवर. जंगलातल्या पोरांना मराठी धड येत नाही, वाचता येत नाही. त्यांना कागदावरची परीक्षा दिली तर सगळेच नापास. म्हणून ही तुकड्यांची परीक्षा. पोरापुढे तुकडे पसरायचे, घड्याळ लावायचं आणि चौरस किती वेळात जुळतो ते बघायचं. चंद्रपूरच्या एका सरकारी कार्यालयाला जंगलातली हुशार पोरं निवडून तिथल्या निवासी शाळेत घालायची होती. ते या परीक्षेवरून यादी करणार होते. आणि सरांची पीएचडीही त्यावरच होती.

"पण मोजपट्टी आधी तपासा लागते," गुणवंतराव म्हणाले. "आज मोजलं तेवढंच उद्या भरलं पाह्यजे. अन् एका संचावर भरलं तेवढंच दुसऱ्या संचावर."

"म्हंजे फुटपट्टी रबराची नको."

सर त्याच्याकडे बघतच राहिले. वर्गात हेच समजावून सांगायला त्यांना दोन तास लागायचे.

पत्रूने ते काम पंधरा दिवस केलं. खुर्च्यांचे बाबू दारात येऊन रागावून गेले, पण त्याने करवत दुसऱ्या लाकडाला लावली नाही. तीन संच त्याने खुर्च्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून काढले, आणि दोन नंबरचा संच एका दारातून उरलेल्या अख्ख्या फळीतून. प्रत्येक तुकडा बाकीच्या तीन संचांतल्या जोडीदारावर ठेवून त्याने कडा बोटाने तपासल्या. कुठे कागदाचाही फरक नव्हता.

सप्टेंबरात गुणवंतराव परत आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. सायकल भिंतीला टेकवून ते म्हणाले, "पत्रूभाऊ, तुमचा दोन नंबरचा संच ढिला आहे."

पत्रूच्या हातातली पटाशी थांबली. "काय आहे?"

"ढिला. तुकडे लवकर बसते त्याचे." सरांनी वही उघडली. गडचिरोलीच्या शाळेतली पोरं चारही संचांवर सारखाच वेळ घेत होती, तीन मिनिटांच्या आसपास. धानोरा तालुक्यातल्या जंगलगावांतली पोरं मात्र एक, तीन आणि चार नंबरवर चार-चार मिनिटं अडून बसत होती. कित्येकांचा तर चौरस पुराच होत नव्हता. आणि तीच पोरं दोन नंबरवर दोन-सव्वादोन मिनिटांत मोकळी.

"ढिला असता तर गावातल्या पोरायलेही सोपा गेला असता," पत्रू म्हणाला. "त्यायले काऊन नाई गेला?"

 गुणवंतरावांनी इतकंच सांगितलं, की कार्यालयाने यादीची घाई लावली आहे आणि दोन नंबरचे आकडे गाळून त्यांनी बाकीचे पाठवून दिले आहेत. येरमेटा गावच्या आश्रमशाळेतली अकरा पोरं त्यात खाली गेली होती.

पत्रूने त्यांच्या पिशवीतून चारही संच काढून पायरीवर मांडले. सात गुणिले चार, अठ्ठावीस तुकडे त्याने एकेक करून गुण्याला लावून कोन तपासले, एकमेकांवर ठेवून सूर्याकडे धरले. कुठूनही उजेडाची रेघ दिसेना. चौकटी मात्र त्याने ऐनाच्या लाकडाच्या केल्या होत्या आणि पावसाळ्याने त्या जराशा फुगल्या होत्या. तिथे दोष त्याने लगेच कबूल केला. पण त्या चारही सारख्याच फुगल्या होत्या.

"तुम्ही येरमेट्याले परत कधी जाता?"

"पुढच्या बुधवारी."

"मी येतो. चौकटी तिथीच रंधून देतो. अन् माह्या डोळ्यानं पाहतो, कोणता तुकडा ढिला आहे तो."

बुधवारी दोघे एसटीने धानोऱ्याला उतरले आणि तिथून भाड्याच्या सायकलींवर निघाले. रस्ता अजून ओला होता, दोन नाल्यांत सायकली डोक्यावर घ्याव्या लागल्या. पत्रूच्या पाठीवर हत्यारांची थैली होती. दोन्ही बाजूंना सागाला फुलोरा आला होता आणि पत्रू त्या झाडांकडे बघत, कुठलं सरळ चिरलं जाईल, कुठल्यात गाठ निघेल, ते सरांना सांगत चालला होता.

आश्रमशाळेचे गुरुजी जंगू मडावी वाट बघत होते. ते गोंडच होते. पोरांशी गोंडीत बोलायचे आणि पाहुण्यांशी मराठीत. पत्रूने पडवीत बसून चौकटी रंधल्या. पोरं भोवती कोंडाळं करून बसली. रंध्यातून निघणारी साल एकेकजण उचलून नाकाला लावत होता. एका लहानग्याने साल हुंगून काहीतरी म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"काय म्हणते हा?" पत्रूने विचारलं.

"ऐन आहे म्हणते," जंगू गुरुजी म्हणाले. "चौकट."

पत्रूला त्याचं कौतुक वाटलं, पण तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त ढिला तुकडा होता.

परीक्षा सुरू झाली. सरांनी तीन नंबरचा संच मांडला आणि सीता उसेंडी नावाच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला बोलावलं. मागच्या खेपेला तिचा चौरस पुरा झाला नव्हता. ती यादीतून खाली गेलेल्या अकरांपैकी एक होती. सरांनी घड्याळाची कळ दाबली.

पत्रू तिच्या समोर उकिडवा बसला होता. त्याने बघायला घेतलं ते तुकड्याच्या कडांकडे. पण मुलगी कडांकडे बघतच नव्हती. तिने पहिला तुकडा उचलला, त्याच्या अंगावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे तिरपा केला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, पुन्हा अंगठा. मग तिने दोन तुकडे एकमेकांजवळ आणले, असे की एकावरच्या लाकडाच्या रेषा दुसऱ्यावर सरळ चालत जाव्यात. कडा काही जुळल्या नाहीत. तिने कपाळाला आठी घातली, तुकडे सोडले आणि पुन्हा तसेच आणले. तिसऱ्या वेळीही तसेच.

पत्रूला एकदम त्या दाराच्या फळीचा वास आला. दोन नंबरचे सातही तुकडे एकाच फळीतले होते. तिच्या रेषा नदीसारख्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहत होत्या आणि करवतीने कापल्या तरी तुकडे जुळवले की पुन्हा वाहायला लागायच्या. बाकीच्या तीन संचांत मात्र प्रत्येक तुकडा वेगळ्या खुर्चीचा होता.

"थांबा, सर," तो म्हणाला.

"पत्रूभाऊ, घड्याळ चालू आहे."

"राहू द्या घड्याळ. तिले दोन नंबर द्या."

गुणवंतराव वैतागले, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी संच बदलला. सीताने पहिल्या तुकड्यावर अंगठा फिरवला, दुसऱ्यावर फिरवला, आणि मग तिचे हात असे चालायला लागले, की जणू ती तुकडे शोधत नव्हती, बोलावत होती. शेवटचा तुकडा चौकटीत टक्कन बसला तेव्हा घड्याळात एक मिनिट बावन्न सेकंद झाले होते.

"गुरुजी, तिले विचारा, कसं केलंस," पत्रू म्हणाला. 

जंगू गुरुजींनी विचारलं. सीता लाजली, मग तुकड्यावर बोट ओढत चार शब्द बोलली.

"म्हणते, हे एका झाडाचं आहे. झाडाची वाट तुटू द्याची नाई, म्हंजे होते."

"अन् मघाचं?"

या वेळी ती जास्त बोलली, आणि थोडी रागाने. गुरुजी हसू दाबत म्हणाले, "ते सात झाडांचं आहे म्हणते. सात झाडांचं एक लाकूड कसं होईन, असं तुम्हालेच विचारून राह्यली."

गुणवंतरावांनी घड्याळ खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. ते पडवीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"म्हणजे ही पोरं मंद नाहीत," ते म्हणाले. "ह्यांना लाकूड वाचता येतं. अन् आपण त्यांना खोटं लिहिलेलं लाकूड देत होतो."

"आपण नाई, मी," पत्रू म्हणाला. अकरा पोरांची यादी त्याला आठवली. "तुम्ही सारखे संच मागितले. मी कडा सारख्या केल्या, अंग नाई केलं."

"पत्रूभाऊ, मी दोन वर्षं त्या जर्नलचा अंक अन् अंक वाचून राह्यलो. मले हे दिसलं नाई. कुणालेच दिसलं नाई."

परतीच्या वाटेवर दोघे सायकलींवर असे बोलत होते, की पहिल्या नाल्यात उतरायचं विसरून सर सरळ पाण्यातच गेले. धानोऱ्याच्या स्टँडवर चिंब पँटने चहा पिताना त्यांनी बजावलं, "एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही. जर्नलवाले हसतील. पुष्कळ पोरांवर करून दाखवावं लागेल."

"मंग करू," पत्रू म्हणाला. "तीन संच करतो. एक सारा एका फळीचा. एक सरमिसळ, सात तुकडे सात ठिकाणचे. अन् तिसऱ्याले ऑइलपेंट मारतो, काळा. म्हंजे लाकडाले बोलताच येणार नाई."

सरांनी कप खाली ठेवला. तिसरा संच त्यांच्या डोक्यातही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पत्रूने पुन्हा खुर्च्या बाजूला सारल्या. आता त्याला कामाची अशी चटक लागली होती, की जेवणाचा डबा उघडाच राहायचा. रंगाच्या थराने तुकडा जाड होतो, म्हणून रंगाचे तुकडे आधी तेवढेच बारीक रंधावे लागले. ते जमल्यावर त्याला शंका आली, की रंगाने वजन वाढलं असेल तर? पोराच्या हाताला जड तुकडा वेगळा लागला तर? तो एकवीसच्या एकवीस तुकडे फडक्यात बांधून सोनाराकडे घेऊन गेला. सोनाराला आधी वाटलं, गहाण ठेवायला काही आणलं आहे. लाकूड बघून तो म्हणाला, "पत्रू, बरा आहेस ना तू?" पण तराजू दिला. रंगाचा एकही तुकडा जड भरला नाही. वजनं पत्रूने सवयीप्रमाणे रंधलेल्या एका फळीवर पेन्सिलने लिहून ठेवली.

डिसेंबर-जानेवारीत दोघांनी येरमेटा धरून तीन जंगलगावं आणि गडचिरोलीतल्या दोन शाळा केल्या. एकूण एकशे अठरा पोरं. प्रत्येकाला तिन्ही संच, पण क्रम बदलून, म्हणजे सरावाचा फायदा एकाच संचाला मिळू नये. पत्रू घड्याळ सांभाळायला शिकला. कळ दाबताना श्वास रोखायचा, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं.

शेवटचा आकडा आला त्या दिवशी गुणवंतराव दुकानात एका अर्ध्या खुर्चीवर, जिला अजून पाठ नव्हती, बसून कॅल्क्युलेटर दाबत होते. कमळा चहा घेऊन आली आणि कपबशी धरून तशीच उभी राहिली. पत्रू काही न करता रंध्यावर हात ठेवून होता.

"जंगलची पोरं," सर म्हणाले. "एका फळीवर दोन मिनिटं आठ सेकंद. सरमिसळीवर तीन मिनिटं छप्पन."

"अन् काळा?"

सरांनी दोनदा दाबून बघितलं. "तीन मिनिटं दोन."

"गावातली?"

"तिन्हींवर तीनच्या आसपास. काळ्यावर दोन एकोणसाठ."

म्हणजे लाकडाचं तोंड बंद केलं, की दोन्हीकडची पोरं सारखीच. पत्रूने कमळाच्या हातातून कप घेतला आणि रिकामा असल्यासारखा बाजूला ठेवून दिला.

"पहिली चिठ्ठी त्या कार्यालयाले लिहा, सर," तो म्हणाला. "जर्नल मंग."

सरांनी तसंच केलं. वहीची नक्कल जोडली आणि स्वतः चंद्रपूरला जाऊन साहेबापुढे बसले. साहेब आधी कुरकुरला, मग काळा संच हातात घेऊन स्वतःच जुळवायला लागला आणि सहा मिनिटांत त्याला जमला नाही. त्यानंतर बोलणं सोपं झालं. मार्चमध्ये काळ्या संचावर फेरपरीक्षा झाली. अकरांपैकी आठ पोरं यादीत आली. सीता उसेंडी त्यात होती. तिच्या बापाने सांगितलं, एकटी पाठवत नाही. गावातल्या आणखी दोघी जात असतील तर जाईल. आठांत आणखी दोघी होत्याच. जूनमध्ये तिघी एकाच ट्रंकेत कपडे घालून चंद्रपूरच्या गाडीत बसल्या.

लेखाचं मात्र अडलं. गुणवंतरावांनी तो इंग्रजीत लिहिला आणि वर दोन नावं टाकली. त्यांचे नागपूरचे मार्गदर्शक म्हणाले, सुताराचं नाव लेखक म्हणून कसं येईल, शेवटी आभार माना. सर ते सांगायला दुकानात आले, पण त्यांना धड सांगता येईना.

पत्रूने ऐकून घेतलं. "आभार कशाचे? रंधा मारल्याचे?"

"तसंच काही."

"रंधा मारल्याचे मानू नका, ते तर माह्यं कामच आहे. पण पाह्यलं कोणी, सर? तुम्ही घड्याळ पाहून राह्यले होते."

कमळा आतून बाहेर आली. ती सहसा गिऱ्हाइकासमोर बोलत नसे. "सर, खुर्चीखाली हे कधी नाव टाकत नाईत. पण ही खुर्ची नाई ना."

गुणवंतरावांनी पिशवीतून लेख काढला. मग म्हणाले, "नागपूरला मी बघून घेतो," आणि दोन्ही नावांनिशी लेख दिल्लीला धाडला. मार्गदर्शक पुढे सहा महिने त्यांच्याशी नीट बोलले नाहीत.

ऑगस्टात संपादकांचं पत्र आलं. परीक्षकांनी तीन प्रश्न विचारले होते. पहिले दोन गणिताचे होते, ते सरांनी सोडवले. तिसरा होता: रंगामुळे तुकड्यांची जाडी आणि वजन बदलून वेळेत फरक पडला नसेल कशावरून? सर पत्र घेऊन पळतच दुकानात आले. पत्रूने कोपऱ्यातली फळी ओढून काढली, तिच्यावरची धूळ पुसली. पेन्सिलने लिहिलेली एकवीस वजनं तिथे होती, शेजारी जाडीसुद्धा. फळी लिफाफ्यात घालता येत नव्हती, म्हणून दोघांनी ती धरून कॉलेजात नेली आणि टायपिस्टने समोर उभी करून उतरवून घेतली. पत्राच्या शेवटी एक साधी विचारणाही होती: दुसऱ्या लेखकाची संस्था कोणती?

"माह्यी कुठी संस्था?" पत्रू म्हणाला.

"जिथं काम केलं ती," सर म्हणाले, आणि त्यांनी दुकानाचा पत्ता लिहिला.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तपकिरी पुठ्ठ्याचा अंक आला. सरांच्या नावाखाली कॉलेज होतं आणि त्याखाली छापलं होतं: पी. एम. उंदीरवाडे, सुतारकामाचं दुकान, चामोर्शी रोड, गडचिरोली. पत्रूने ती ओळ बोटाने बघितली. छपाई थोडी उठून आली होती, अक्षरं हाताला लागत होती. मुखरू गावाहून आला होता. त्याने अंक दोन्ही हातांत धरला, उलटा की सुलटा ते लेकाला विचारलं आणि बराच वेळ तसाच धरून बसला.

"आता वाचून दाखवा," पत्रू सरांना म्हणाला. "सगळं. एकही ओळ सोडू नका."

सर एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. पत्रू मान डोलवत होता. चौथ्या पानावर त्याने हात वर केला.

"काय म्हणाले तुम्ही? सरमिसळ संचाचे सातही तुकडे सागाचे?"

"हो. निरनिराळ्या झाडांचे, पण सागच."

"सहा सागाचे. सातवा बीज्याच्या लाकडाचा आहे. सागाचा तेवढा तुकडा उरला नव्हता, म्हणून मी बीजा घातला. पिवळसर दिसते, पाह्यलं नाई तुम्ही?"

गुणवंतरावांनी पाहिलं नव्हतं.  लेख छापून गेला होता, देशभर पोचला होता. "पत्रूभाऊ, एका तुकड्याने काय फरक पडतो? कोणाला कळणार आहे?"

"उद्या कोणी सातही सागाचे केले अन् त्याचा आकडा वेगळा आला, तर तो आपल्याले खोटं म्हणन. अन् आपण खोटंच असू." पत्रू उठलाच होता. "पडते का फरक, ते आधी पाहू. आता साग आहे माह्यापाशी."

चार दिवसांत त्याने सातही सागाचे, पण सात ठिकाणचे तुकडे केले. पुन्हा एसटी, पुन्हा सायकली, पुन्हा येरमेट्याची पडवी. चोवीस पोरं. घड्याळ या वेळी पत्रूनेच धरलं. जंगू गुरुजींनी शेवटच्या पोराची वेळ लिहिली. मग सरांनी बेरीज केली, भागलं आणि वही मिटली. तीन मिनिटं एकावन्न. फरक होता तसाच होता. बीज्याचा त्यात हात नव्हता.

"आता लिहा त्यायले," पत्रू म्हणाला. "चूक काय झाली ते, अन् हेही."

गुणवंतरावांनी त्याच पडवीत, पोरांच्या गराड्यात बसून पत्र लिहिलं. जंगू गुरुजींनी त्यासाठी शाळेची शाई दिली. पावसाळ्याच्या तोंडावर पुढचा अंक आला. शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत अडीच ओळींचं शुद्धिपत्र होतं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

पत्रूने ते सरांकडून तीनदा वाचून घेतलं. मग अंक घेऊन दुकानाच्या दारात गेला आणि रस्त्याने चाललेल्या सोनाराला हाक मारून थांबवलं.

"इकडे या, काही दाखवतो," तो म्हणाला. "हे अडीच ओळी पाहा. हे माह्यं आहे."